खळ्यावरची सरहद्द

खळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. धान्याची जागा ती, लक्ष्मीची जागा. कचरू हवालदारांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव, टाक, लक्ष्मी सगळं वाहत्या पाण्यात सोडून दिलं होतं, पण हा एक रिवाज ठेवला होता. "लक्ष्मीबिक्ष्मी आपल्याला म्हाईत न्हाई," ते म्हणायचे, "पण दाणा हाय. पायताण बाहेर." त्यामुळे अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यामधून मी जो काही हिंडलो तो अनवाणीच हिंडलो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. सत्तरच्या सुमाराला मी अंबड तालुक्यातल्या एका लहानशा गावात शाळामास्तर होतो. जमीन कोरडवाहू, एस.टी. आली तर आली. हवालदारांचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला आणि घरामागे त्यांचं खळं. गोल, शेणानं सारवलेलं, मधोमध बैल बांधायची मेढ. फौजेतून पेन्शनीत आल्यावर त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला होता, आणि त्यांच्या जमिनीपेक्षा खळं मोठं असं गाव चेष्टेनं म्हणे. सुगी संपून धान्य घरात गेलं की बाकीच्यांची खळी ओस पडत. हवालदारांचं तेव्हा सुरू होई.

चुन्याच्या फक्कीनं ते खळ्यावर अख्खा मुलूख आखायचे. लढाईआधी फौजेत असाच मातीचा नकाशा करून साहेब लोक जवानांना समजावतात म्हणे. उत्तरेला काळ्या ढेकळांचे डोंगर, त्यांच्यावर भुरभुरलेली राख म्हणजे बर्फ. आपल्या पलटणी म्हणजे सरक्या, दुसऱ्यांच्या म्हणजे एरंडीच्या बिया. समुद्र नुसता सारवलेला सोडलेला. दिल्ली म्हणजे मेढ. मेढ काही हलवता येत नव्हती, म्हणून बाकीची सगळी दुनिया तिच्या बेतानं सरकवून घेतलेली असे. माझ्या शाळेतल्या नकाशाशी ते जुळायचं नाही. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "गुरुजी, तुमचा नकाशा भिंतीवर टांगायचा हाय. माझा चालायचा."

धोतर, त्यावर खाकी स्वेटर, तोही भर उन्हाळ्यात, आणि हातात वेताची काठी. चालताना एका बाजूला झुकायचे, कारण डाव्या पायाला बोटं नव्हती. बासष्ट साली उत्तरेच्या बर्फात कापडी बूट घालून उभं राहण्यात ती गेली होती. खळ्यात अनवाणी फिरताना तो पाय सगळ्यांना दिसायचा, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट काठीनं त्याच्याकडे बोट दाखवूनच ते धडा सुरू करत.

"ज्याला दोस्त न्हाई त्याची बोटं जातात. बासष्टला आपण सगळ्यांचे होतो, मंग ऐन टायमाला कोणाचेच न्हाई. दुनिया म्हंजी लग्नाची पंगत, गुरुजी. वाढतात काय ते मंग पाह्यचं. कोण कोणाशेजारी बसला ते आधी पाह्यचं. आमी पंगत उठायची वाट पाहत बाहेर बसलेली माणसं, आमाला हे जल्दी कळतं."

संध्याकाळी गावातली माणसं यायची. बांधावर बसायची, तंबाखू मळायची, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायची. हवालदारांच्या नकाशाचा गावाला विटाळ नव्हता, माठाचा होता. त्यांच्या घरचा चहा मी आणि भिवा धनगर असे दोघंच घ्यायचो. भिवा मेंढरं कोंडून यायचा आणि हवालदारांची खोडी काढायचा. कारण हवालदारांचे अंदाज बरेचदा साफ चुकत. एकदा रशिया आणि चीन पंधरवड्यात भिडणार असं ते छातीठोक सांगून बसले. महिना गेला, दोन गेले.

"हवालदार, कधी भिडून राह्यले तुमचे ते?" भिवा विचारी.

"फौज हाय ती. तुझ्या मेंढ्या न्हाईत, हाकलल्या की निघाल्या!"

त्यांची बायको गयाबाई या सगळ्याला येड्याचा खेळ म्हणायची. लहानशी, चटपटीत बाई. सकाळी अंगण झाडता झाडता तिचा झाडू खळ्यावर घसरला की अर्धा चीन जायचा. हवालदार ओरडायचे. ती म्हणायची, "पुन्हा काढा की. तुमाला दुसरं काय काम हाय?" ते पुन्हा काढायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुदाम फौजेत होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. बापासारखा उंच, पण बोलायला लाजरा. आल्या आल्या त्यानं छपराचे पत्रे बसवून दिले, आईला पाण्याचा रांजण आणून दिला. हवालदारांनी त्याला खळ्यावर उभं केलं आणि काठीनं पश्चिमेची सरहद्द दाखवत विचारलं, "बोल, तुझी पोझिशन कुठं हाय? समोर काय हाय?"

सुदामनं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाला, "बापू, आमाला तिथून एवढं सगळं दिसत न्हाई. एक कालवा दिसतो. आन् त्याच्या पल्याड एक झाड."

हवालदारांनी पश्चिमेच्या रेघेवर एक चिंचोका ठेवला. तो सुदाम.

त्या पावसाळ्यात पाऊस असा झालाच नाही. बाजरी हातभरही वाढली नाही आणि खळं सुगीच्या दिवसांतही मोकळंच राहिलं. पण ऑगस्टात रशियाशी करार झाल्याची बातमी मी शाळेतून येता येता सांगितली, तेव्हा दुष्काळाच्या तोंडावर हवालदारांनी घरातली साखर वाटली. मला हाताला धरून खळ्यात नेलं. उत्तरेच्या डोंगरापाशी उकिडवे बसले आणि तिथल्या सरक्या मुठीत गोळा करायला लागले.

"आता पाहा. अमेरिका सरहद्दीपल्याडच्यांकडं झुकली. चीनही त्यांच्याकडंच. पण रशिया आपल्या शेजारी येऊन बसला. मंग चीन हलंल का? न्हाई हलणार. त्याला रशियाची भीती. त्यात हिवाळा आला की घाट बंद. म्हंजी ह्या पलटणी मोकळ्या झाल्या." त्यांनी ती मूठ पूर्वेकडे नेली आणि सरक्या तिथे मांडल्या. "मारायचं इकडं, जल्दी. आन् पश्चिमेला नुसतं थोपवून धरायचं. बासष्टला हे केलं असतं तर माझी बोटं राह्यली असती."

मी थक्क झालो होतो, हे कबूल करायला हरकत नाही. पुढे डिसेंबरात लढाई जवळजवळ तशीच झाली. आयुष्यात त्यांचा एवढा मोठा अंदाज हा एकच खरा ठरला.

गयाबाई चहा घेऊन आली होती. ती कधी नकाशाबद्दल विचारत नसे. त्या दिवशी विचारलं. "आन् सुदाम कुठं हाय यात?"

हवालदारांनी चिंचोका दाखवला.

"तिथं काय करायचं त्यानं?"

"काही न्हाई. दार दाबून धरावं तसं धरायचं. मारामारी सगळी इकडं. तो बिलकुल सेफ हाय."

"दार दाबून धरणाराला मार बसत न्हाई का?" ती म्हणाली. हवालदारांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसले.

लढाई पेटली तसं खळं माणसांनी फुलून जायला लागलं. माझा ट्रान्झिस्टर मेढीला टांगलेला असे. बातम्या झाल्या की हवालदार सरक्या पुढे सरकवत आणि लोक टाळ्या वाजवत. मग अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. त्याच्यासाठी काय ठेवावं, हवालदारांना सुचेना. एरंडीची बी फारच किरकोळ दिसत होती. शेवटी घरातून पाट्यावरचा वरवंटा आणून त्यांनी समुद्रात आडवा ठेवला. तो एवढा थोरला वरवंटा पाहून बांधावरची माणसं एकदम गप्प झाली. भिवासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र रिकामा. गयाबाईला ठेचा वाटायचा होता. संध्याकाळी हवालदारांनी वरवंटा पुन्हा नेऊन ठेवला. सकाळी तो पुन्हा घरात. असं लढाई संपेपर्यंत चाललं. एकदा मी लवकर गेलो होतो, तेव्हा ती वरवंटा उचलताना दिसली. पाट्यावर वाटण नव्हतं, चूलही पेटली नव्हती. मला पाहून ओशाळली. "असलं जड समुद्रात ठेवू नये गुरुजी," म्हणाली. "राहू देत न्हाई मी."

आरमार आलं तसं गेलं. पूर्वेकडची फौज शरण आली. गयाबाईनं आरमार हटवलं म्हणून भिवानं गावभर हसू केलं. त्या आनंदात गावानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. हवालदारांना पारावर बोलावलं, सतरंजीवर बसवलं, हार घातला. पाटलांच्या घरचा पेढा त्यांच्या हातात ठेवला गेला, वरून टाकला नाही. हवालदार भाषणाला उभे राहिले. नुसता सॅल्यूट ठोकून खाली बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तार आली. पोस्टमननं ती माझ्याकडे दिली, मी जाऊन वाचून दाखवली. सुदाम बेपत्ता होता. गयाबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हवालदारांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"बेपत्ता म्हंजी मेला न्हाई," ते म्हणाले. "मेल्याला फौज मेला म्हणती. फौज आईबापाशी खोटं बोलत न्हाई." मग खळ्यात जाऊन चिंचोका उचलला आणि रेघेच्या पलीकडे ठेवला. "कैदेत हाय."

तिथून पुढे हवालदारांचं राजकारण बदललं. पूर्वी त्यांना अख्ख्या दुनियेचं काय होणार ते हवं असे. आता दुनियेचं काहीही झालं की त्याचं सुदामला काय, एवढंच. आपल्याकडे दुसऱ्या बाजूचे हजारो कैदी होते, त्यांच्याकडे आपले थोडे. देणंघेणं होणार, हे तर उघड होतं. अमेरिकेचा अध्यक्ष चीनला जाऊन आला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "ते दोघं एका पंक्तीला बसले, गुरुजी. आता आपल्या शेजाऱ्याला जोर चढंल. मंग तो माझं पोरगं कामून सोडंल?" पुढे आपली आणि त्या शेजाऱ्याची बोलणी झाली तेव्हा पुन्हा जेवायला लागले. मी अंबडहून आणलेला पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो, आणि वाचून झालं की ते म्हणायचे, "आणखी काही न्हाई का?"

त्याच काळात मोठा दुष्काळ पडला. अर्धं गाव खडी फोडायला गेलं, त्यात गयाबाई होती. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. एके दिवशी मी गेलो तर गयाबाई ते दाणे सुपात पाखडत बसली होती.

"गुरुजी, हे त्यांच्याच मुलखातून आलं ना? ज्यांचं आरमार आल्तं?"

मी हो म्हणालो.

"एवढी ज्वारी येती जहाजात. मंग त्यात माझं एक पोरगं बसवून न्हाई का देता येत?"

मी मास्तर. अमेरिका कुठे, सुदाम कुठे, हे मला नकाशावर दाखवता आलं असतं. मी तिच्यासमोर बसून दाण्यांतले खडे वेचायला लागलो.

कैद्यांची अदलाबदल झाली. जे यायचे ते आले. सुदाम आला नाही. फौजेच्या कचेरीतल्या साहेबांनी हवालदारांना खुर्ची दिली, पाणी दिलं, तपास चालू आहे म्हणून सांगितलं. त्यांच्याकडेही यापलीकडे सांगायला काही नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग कुठून तरी कळलं की परतूरकडचा एक जवान कैदेतून सुटून घरी आला आहे आणि लढाईत तो सुदामच्याच भागात होता. हवालदारांबरोबर मी गेलो.

पोरगा सुदामच्याच वयाचा होता. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं, हवालदारांच्या पाया पडला. कैदेत त्यानं सुदामला पाहिलं नव्हतं. कालवा मात्र त्याला माहीत होता, आणि झाडही.

"पहिल्या रातीला आमी धरलं काका," तो म्हणाला. "दुसऱ्या रातीला ते डबल आले. आमी मागं सांगावा धाडला, आणखी पलटण पाठवा म्हणून. वरून निरोप आला, पलटण न्हाई. हाय तेवढ्यात धरा." त्यानं बोटानं जमिनीवर एक रेघ ओढली. "जादाच्या पलटणी साऱ्या पूर्वेला गेल्त्या ना. मंग जो तो जिथं होता तिथं राह्यला. त्यापुढं मला सांगता येत न्हाई."

हवालदारांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चहा घेतला. उठताना सॅल्यूट केला, त्या पोरानंही केला.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. बाहेर सगळी करपलेली रानं. बराच वेळ ते स्वतःच्या उजव्या मुठीकडे बघत होते, उघडत होते, मिटत होते. मला ती ऑगस्टातली संध्याकाळ आठवली. उत्तरेच्या सरक्या गोळा केलेली तीच मूठ.  

"डाव बराबर होता, गुरुजी," ते मोठ्यानं म्हणाले. पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. "बिलकुल बराबर होता. मी साहेब असतो तर मीही हाच टाकला असता." आणि मग तो सहा फुटी माणूस स्वेटरची बाही तोंडात धरून रडला.

त्या दिवसानंतर खळ्यावर माणसं यायची बंद झाली. हवालदारांनीच बोलावणं सोडून दिलं. पावसानं डोंगर वाहून गेले, ते पुन्हा केले नाहीत. चिंचोका मात्र त्यांनी मातीत बोटभर रोवून ठेवला, वाऱ्यापावसानं हलू नये म्हणून.

चौऱ्याहत्तर साली राजस्थानच्या वाळवंटात आपण अणुस्फोट केला. गावात पुन्हा पेढे वाटले. उन्हाळ्याची सुटी असूनही मुलांनी शाळेतून प्रभातफेरी काढली, मी पुढे होतो. फेरी बौद्धवाड्याच्या टोकाशी आली तेव्हा हवालदार काठी टेकत बाहेर आले. मला बाजूला घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे पहिल्यासारखे दिसत होते.

"गुरुजी, आता आपण मोठे झालो ना?"

"झालो की."

"पंक्तीत आता आपल्याला मानाचं पान?"

"तसंच म्हणायचं."

"मंग आता तरी मागता येईल? आता कोणी न्हाई म्हणायची टाप न्हाई. आता मागतील का आपले लोक? एकाच पोराचं तर हाय."

मुलं घोषणा देत पुढे निघून गेली होती. मी हवालदारांना म्हणालो, विचारून सांगतो. कुणाला विचारणार होतो, देव जाणे. ते "बराबर, बराबर" म्हणत मान हलवत राहिले. नंतर त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो ते दिवस सुगीचे होते. बऱ्याच वर्षांनी पीक बरं आलं होतं. नवीन खळं केलेलं, कणसं पसरलेली, आणि मेढीभोवती भिवाचे बैल फिरत होते. हवालदार बैलांमागे. मी बांधावर उभा राहून बघत होतो. आधी काही लक्षात आलं नाही. मग दिसलं की प्रत्येक फेऱ्यात पश्चिमेच्या कडेला आलं की हवालदार कासरा ओढत आणि बैल तेवढ्यापुरता वळसा घेत. तिथे वीतभर जागेत कणसं टाकलेली नव्हती, शेणाचं सारवणही नव्हतं. भिवा कडेला बसला होता. खोडी काढायला आयती संधी, पण तो नुसता तंबाखू मळत होता.

मी चपला काढल्या आणि हवालदारांचे पाय धरावेत म्हणून सरळ आत निघालो. गयाबाई कणसं सारखी करत होती. जन्मभर या सगळ्याला येड्याचा खेळ म्हणणारी ती बाई हातातलं टाकून धावत आली आणि माझा दंड धरला.

"तिकडून या, गुरुजी," ती म्हणाली. "इथं सुदाम हाय."

मी वळसा घालून गेलो.